टोपीवालीचं माहेर

मी आयुष्यात इंग्रजी सिनेमा एकच पाहिला; पण तो इतक्या वेळा पाहिला की त्यातली नायिका मला माझ्या सख्ख्या नणंदेपेक्षा जास्त ओळखीची आहे. नणंद वर्षातून दोनदा यायची, ही दर रविवारी. थेटरात नाही बरं का. चिखलीला आमच्या घरी, माजघरात, दुपारची जेवणं उरकल्यावर, खिडक्यांना वाकळा लावून आणि मामंजींचं धोतर भिंतीवर ताणून.

त्या काळी आम्ही नवऱ्याला ‘हे’ म्हणायचो. आता लिहिताना मी नवरा म्हणते, वाचणाऱ्याला सोपं जातं आणि त्याला तरी आता कुठं ऐकू येतं. तर नवरा विहिरीवरच्या पंपांच्या मोटारी दुरुस्त करायचा. आमच्या भागात ट्रॅक्टर चालवायला शिकवण्यासाठी एक परदेशी साहेब वर्षभर येऊन राहिला होता. त्याचं घरी सिनेमा दाखवायचं मशीन बंद पडलं, ते नवऱ्यानं चालू करून दिलं. साहेब मायदेशी निघाला तेव्हा ते मशीन आणि चार डब्यांतला एक सिनेमा नवऱ्याच्या हाती देऊन गेला. साहेबाच्या बायकोला तो सिनेमा पाहून पाहून वीट आला होता, असं नवरा सांगायचा. आम्हाला मात्र तो कधी आला नाही.

सिनेमा हॉलिवूडचा, जुना, नाचगाण्यांचा आणि हसण्याचा. त्याचं खरं नाव आमच्या गल्लीत कोणी उच्चारलं नाही. नायिका टोप्यांच्या दुकानात कामाला होती, म्हणून तो ‘टोपीवाली’. नायक उंच, हडकुळा, नाटकात नाचणारा. बोलता बोलता मध्येच त्याचे पाय सुटायचे आणि तो टेबलावर, जिन्यावर, जिथं असेल तिथं टपटप नाचायचा. सासूबाई त्याला ‘जावई’ म्हणायच्या. गल्लीतल्या दहा-बारा बाया भुईमुगाच्या शेंगा पदरात घेऊन यायच्या आणि जावई नाचायला लागला की शेंगा फोडायच्या थांबायच्या.

इंग्रजी कोणालाच कळत नव्हतं, त्यामुळे गोष्ट सासूबाई सांगायच्या. त्या मशीनच्या शेजारी भिंतीला टेकून बसत आणि पडद्यावर जे होईल ते वर्दी दिल्यासारखं सांगत. पहिल्या रिळात नायक टोपी घ्यायला दुकानात जातो आणि त्याचं टोपीवालीशी कडाक्याचं भांडण होतं. सासूबाई म्हणायच्या, “सोयरिकीचं बोलणं चालू हाये. मानपानावरून बिनसलं.” दुसऱ्या रिळात एकदम लग्न. लग्नानंतर रुसवाफुगवी, आणि टोपीवाली पेटी घेऊन आगगाडीत बसून डोळे पुसत निघून जाते. “माहेरी चालली. पयलं माहेरपण हाये, रडू येनारच.” तिसऱ्या रिळात एक मोठी बाग. टोपीवाली बाकावर एकटी बसली आहे. जावई झाडांमधून येतो, टोपी काढतो, तिच्यासमोर गुडघ्यावर बसून गाणं म्हणतो, मग दोघं बागेभर नाचतात. चौथ्या रिळात टोपीवाली पेटी घेऊन त्याच्या नाटकाच्या थेटराच्या दारात उभी, आणि मग सगळ्यांचा मिळून मोठा नाच. “तो कामासाठी पुढं आलता, ही मागून सामान घेऊन आली. आता तिले घरची वाट ठाऊक झाली ना.”

या सगळ्यात सासूबाईंचा जीव बागेत होता. जावई झाडांतून बाहेर पडला की त्या सरसावून बसत आणि ओसरीवर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत, “आला पाह्य. सोता आला. गडी नाही धाडला.”

बाया खो खो हसायच्या. ओसरीवर मामंजी दाराकडे पाठ करून तंबाखू मळत बसलेले असत. बायामाणसांत बसून सिनेमा पाहणं त्यांना बरं दिसत नव्हतं. धोतर मात्र दर रविवारी बिनतक्रार काढून देत. बाहेरून एक खाकरा यायचा आणि बाया पुन्हा हसायच्या.

या हसण्यामागची गोष्ट सगळ्या गल्लीला पाठ होती. सासूबाईंचं माहेर जानेफळ. तरुणपणी त्या माहेरी गेल्या की त्यांना आणायला मामंजी कधीच स्वतः गेले नाहीत. बैलगाडी जुंपून गड्याला पाठवायचे. बायकोला आणायला नवऱ्यानं स्वतः जाणं म्हणजे बाईलवेडेपणा, असा त्यांच्या घरचा कायदा होता. थोरल्या लेकराच्या वेळी सासूबाई सहा महिने माहेरी होत्या. घुंगरांचा आवाज ऐकून त्या बाळाला काजळ लावून दारात धावल्या, तर गाडीवर गडी. “म्या त्या गड्यालेच बाळ दाखवलं,” हे त्या तूर निवडता निवडता हसत सांगायच्या. ऐकणाऱ्या बायाही हसायच्या, कारण बहुतेकींना आणायला गडीच आलेला होता.

मी लग्न होऊन या घरात आले ती खामगावची मॅट्रिक. सासरी येताना दोन लुगडी कमी आणली असतील, पण इंग्रजीचा गर्व पुरेपूर आणला होता. पहिल्याच रविवारी माझ्या लक्षात आलं की सिनेमात काहीतरी गडबड आहे. लग्नात टोपीवालीचे केस मानेपर्यंत कापलेले होते आणि बागेत ते कमरेपर्यंत लांब. मी हळूच विचारलं, “आत्याबाई, केस एवढे कसे वाढले?”

“माहेरचं तेल,” सासूबाई म्हणाल्या.

लग्नाच्या रिळात तिच्याजवळ एक दांडगा कुत्रा होता, बागेच्या रिळात त्याच रंगाचं एवढंसं पिल्लू. मी बोट दाखवलं. सासूबाईंनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. “कुत्रीले पिल्लू नाही होत काय वं? मॅट्रिकले शिकवत नाही वाटते.”

बाया फिदीफिदी हसल्या. सिनेमा संपल्यावर मी डबे उघडून पाहिले. फितीच्या सुरुवातीला पांढऱ्या शाईनं आकडे लिहिलेले होते. आपण ज्याला दुसरं रीळ म्हणतो ते तिसरं होतं, आणि तिसरं होतं ते दुसरं. म्हणजे बाग आधी, लग्न नंतर. मी आर्किमिडीजच्या थाटात नवऱ्याकडे धावले. तो मोटारीची तार गुंडाळत होता.

“ठाऊक हाये,” तो मान वर न करता म्हणाला. “पयल्या दिवशी माह्याच हातून चुकीचा डबा उचलल्या गेला. दुसऱ्या दिवशी आकडे दिसले. पण तोवर मायनं साऱ्या गल्लीत गोष्ट सांगून टाकली होती. तू सांगू नको तिले.”

मी सहा-सात महिने सांगितलं नाही, याचं मला आजही कौतुक वाटतं. मग एका रविवारी, सिनेमा सुरू व्हायच्या आधी, बाया जमल्या असताना सासूबाईंनी माझ्या सकाळच्या भाकरीचा विषय काढला. “आमची सून मॅट्रिक पास हाये. भाकरीचा बी नकाशा काढते.” बाया हसल्या. खरं तर मीही हसायला हवं होतं. भाकरी खरोखरच नकाशासारखी झाली होती. पण मला झोंबलं आणि मी तोंड उघडलं.

“भाकरीचं राहू द्या आत्याबाई. हा सिनेमाच तुम्ही इतके दिवस उलटा पाहताय. फितींवर आकडे आहेत. वाचता आलं असतं तर कळलं असतं.”

शेवटचं वाक्य मी बोलले नसते तर बरं झालं असतं. नवरा मशीनमागून माझ्याकडे पाहत राहिला. सासूबाईंनी पदर सारखा केला.

“असं हाये काय,” त्या म्हणाल्या. “मंग लाव बाप्पा आज आकड्यापरमाणं.”

त्या दिवशी सिनेमा आकड्याप्रमाणे लागला आणि समजावून सांगायला मी बसले. दुकानातलं भांडण झालं, दिवा लागला, रीळ बदललं आणि बाग आली. जावई झाडांतून बाहेर पडला. सगळ्या बाया सवयीनं सासूबाईंकडे वळल्या. त्यांचं तोंड अर्धं उघडलं होतं, ते तसंच राहिलं.

“पन आजून तं याचं लग्नच नाही झालं,” त्या म्हणाल्या. “मंग हा कोनाले आनाले आला?”

“आणायला नाही आला,” मी मास्तरणीसारखी म्हणाले. “नुसता भेटायला आलाय.”

पुढे लग्न झालं. भांडण झालं. टोपीवाली आगगाडीत बसून निघाली. लगेच चौथं रीळ, आणि ती पेटी घेऊन त्याच्या दारात उभी. सासूबाईंनी मला दोन्ही रिळांच्या मधलं काही राहिलं का ते विचारलं. मी नाही म्हणाले.

“म्हंजे तो गेलाच नाही.”

“नाही.”

“हीच सोता आली. पेटी घेऊन.”

“हो.”

“अन् गाने सारे लग्नाच्या पयले.”

मी मान हलवली. त्या उठल्या, पदरातली टरफलं झटकली आणि म्हणाल्या, “मंग ह्यात काय पाहाचं? हे तं आपल्या घरचंच हाये.” कोणी हसलं नाही. ओसरीवरून खाकराही आला नाही.

संध्याकाळी मी नवऱ्याशी भांडायला गेले, कारण आपली चूक असली की मला आधी भांडावंसं वाटतं. मी म्हटलं, खरं तेच तर सांगितलं. त्यानं हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाला, “दिवाळीले तुले आनाले खामगावले मी सोता आलतो. काऊन आलतो?”

याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. मी ते मनातल्या मनात माझ्या रूपाला, माझ्या मॅट्रिकला आणि माझ्या आईच्या अनारशांना वाटून दिलेलं होतं.

“मी तं गडीच धाडनार होतो,” तो म्हणाला. “माय म्हने, त्या टोपीवालीचा नवरा एवढा मोठा नाच्या असून सोता गेला, तू कोन लागून गेला? जाय गुमान.”

मला फार लाज वाटली. ज्या चुकीच्या डब्यामुळे मला आणायला माझा नवरा आला, तो डबाच मी त्या बाईच्या हातातून हिसकावून घेतला होता. तिला स्वतःला तर बाग कधी मिळालीच नव्हती. रविवारी दुपारी भिंतीवर दिसायची तेवढीच होती. मी त्याच रात्री माफी मागायला हवी होती. मी सकाळवर ढकललं, आणि सकाळी सासूबाई पिशवी भरत होत्या. भावाच्या नातवाचं बारसं होतं, जानेफळला चालल्या होत्या. “चार दिवसानं येतो,” एवढंच म्हणाल्या. नवऱ्यानं त्यांना एसटीत बसवून दिलं.

चार दिवसांचे आठ झाले. जानेफळकडच्या एका माणसाबरोबर निरोप आला की भावाच्या घरी तूर झोडायची आहे, येईन. मधला रविवार आला तेव्हा बाया दारात येऊन परत गेल्या. आठाचे पंधरा झाले. पंचावन्न वर्षांची बाई माहेरी जाऊन बसली म्हणून गल्लीत आधी थट्टा झाली, मग थट्टा कमी झाली. मला रोज वाटायचं की पत्र लिहावं. पण पत्र त्या दुसऱ्या कोणाकडून वाचून घेणार, आणि वाचण्यावरूनच तर मी ते बोलले होते. त्या दिवसांत माझ्या भाकरी गोल व्हायला लागल्या. नाव ठेवायला कोणी नव्हतं, तर त्या गोल होऊन काय उपयोग.

मामंजी काहीच बोलत नव्हते. ते तसेही दिवसाला सात-आठ शब्दांचे गृहस्थ. फक्त जेवताना ताटाकडे न पाहता चुलीकडे पाहायचे, जिथं सासूबाई बसायच्या. विसाव्या दिवशी नवरा जेवता जेवता म्हणाला, “उद्या मी जातो जानेफळले. मायले घेऊन येतो.”

“काऊन?” मामंजी म्हणाले. “बायको तुही हाये काय?”

नवऱ्याचा घास हातातच राहिला. मामंजींनी नेहमीप्रमाणे ताटात हात धुतला आणि ओसरीवर गेले.

दुसऱ्या दिवशी पहाटेच त्यांची आंघोळ झाली. मी चहा ठेवत होते. दारात येऊन, माझ्याकडे न पाहता म्हणाले, “सूनबाई, धोतर दे.”

मी दांडीवरचं रोजचं धोतर काढलं.

“हे नोको. शिनेमाचं दे.”

ते त्यांचं एकुलतं एक चांगलं धोतर होतं. लग्नकार्याला आणि पडद्याला. मी ट्रंकेतून काढून दिलं. ते नेसून, पांढरी टोपी घालून, हातात काही न घेता मामंजी एसटी स्टँडकडे निघाले. समोरच्या ओट्यावर दात घासणाऱ्या माणसानं विचारलं, “कुठं चालले जी एवढ्या सकाळी?” नेहमीचे मामंजी ‘काम हाये’ म्हणाले असते. ते थांबले, आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, “बायको आनाले.”

तो अख्खा दिवस मी दाराशी येरझारा घातल्या. काय होईल याची मला खरंच भीती वाटत होती. सासूबाई नाही म्हणाल्या तर हा माणूस त्या धोतरानिशी परत कसा येणार? आणि पुन्हा कधी तो असा जाणार? दुपारची एसटी आली आणि गेली, कोणी नाही. चारच्या सुमारास गल्लीच्या तोंडाशी दोघं दिसले. मामंजी नेहमीप्रमाणे दहा पावलं पुढं चालत होते. पण सासूबाईंची पिशवी त्यांच्या हातात होती. दारादारांत बाया येऊन उभ्या होत्या. सासूबाईंनी कोणाकडे पाहिलं नाही. उंबरा ओलांडून मला म्हणाल्या, “मेहेकरपासून उभं आनलं मले. जागा धरायची अक्कल नाही या मानसाले.” त्यांचे डोळे लाल होते आणि तोंड हसत होतं, आणि ते लपवायला त्या लगेच पाण्याच्या रांजणाकडे वळल्या.

मी त्यांच्या पाया पडले. मनात ठरवून ठेवलेलं खोटं बोलायला लागले. “आत्याबाई, मीच चुकले होते. आकडे मी उलटे वाचले. तुमचंच बरोबर आहे, बाग नंतरच येते.”

त्यांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. “खोटं नोको बोलू पोरी. मॅट्रिक झाली ना तू.” मग माझा हात धरून उठवलं आणि म्हणाल्या, “आकडे तुहे खरे असतीन. पन लाव माह्यासारखाच.”

लगेचच्या रविवारी लावता आला नाही. एसटीच्या दाराला लागून धोतराला वंगणाचा हा एवढा काळा डाग पडला होता. मी ते सोड्यात भिजवलं, साबण घासला, दगडावर आपटलं. डाग फिका झाला पण गेला नाही. पुढे जितके दिवस ते धोतर टिकलं तितके दिवस टोपीवाली डावीकडे वळली की तिच्या गालावर मोठा तीळ दिसायचा. सासूबाई त्याचंही कारण सांगायच्या. गालबोट लावलं म्हणायच्या.

त्यानंतरच्या रविवारी मात्र जेवणं लवकर उरकली. खिडक्यांना वाकळा लागल्या, धोतर ताणलं गेलं, माजघरात पाय ठेवायला जागा राहिली नाही; एरवी न येणाऱ्या बायासुद्धा आल्या होत्या आणि त्या सिनेमासाठी आल्या नव्हत्या. मामंजी ओसरीवर आपल्या जागी होते. आज एवढाच फरक, की पाठ दाराकडे नसून तोंड दाराकडे होतं.

भांडण झालं. लग्न झालं. टोपीवाली डोळे पुसत माहेरी गेली. सासूबाई सगळं सांगत होत्या, पण आवाज थोडा खाली होता. नवऱ्यानं रीळ बदललं. बाग आली, झाडं हलली, जावई बाहेर पडला आणि त्यानं टोपी काढली. शेंगा फोडायचा आवाज थांबला.

“आला पाह्य,” सासूबाई म्हणाल्या. “सोता आला.”

आणि त्या तिथंच थांबल्या. पुढचं वाक्य त्यांना बोलवेना. बाया वाट पाहत राहिल्या, मशीन घरघरत राहिलं. मला अंधारात त्यांचा हात दिसला, पदर तोंडाशी धरलेला.

तेव्हा ओसरीवरून खाकरा आला, आणि खाकऱ्यामागून मामंजींचा आवाज.

“गडी नाही धाडला.”